आपला अरशद

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठावर, रविवारी सकाळी, चहाच्या गाडीपाशी हितेंद्र एका ओळखीच्या माणसाला म्हणाला, "आम्ही जुलैत फ्रान्सला चाललोय. जुन्या मोटारींची शर्यत असते तिथं. तंबू ठोकून राहायचं, गाडी भाड्यानं घेऊन स्वतः चालवायची." तो माणूस म्हणाला, "मजा आहे बुवा तुमची," आणि त्याच्या कुत्र्यानं ओढलं तिकडे निघून गेला. घडलं ते एवढंच. मी हितेंद्रच्या शेजारी उभा होतो, पलीकडे प्रेमराज, तिघांच्या हातात तीन ग्लास. पण आम्ही या शब्दाला माझा कान अडकला, खिळ्याला कापड अडकतं तसा, आणि सोडवायला गेलो तर जास्तच फाटत गेला. हितेंद्र माझा चौथीपासूनचा मित्र, त्याची डाळ मिल आहे. प्रेमराज इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. चौथा अभिमन, तोही आमच्याच वर्गातला, आता धुळ्याला वकिली करतो. फ्रान्सचं हे खूळ चौघांचं. निदान त्या सकाळपर्यंत चौघांचं होतं. आम्ही म्हणताना हितेंद्रनं मान प्रेमराजकडे वळवली, माझ्याकडे वळवली नाही. मी ते पाहिलं, आणि उरलेला चहा न पिता गवतात ओतला.

आता कुणी म्हणेल, यात भडकण्यासारखं काय आहे? व्याकरण तर बरोबरच आहे. ऐकणारा बरोबर येणार नसेल तर आम्ही म्हणायचं, येणार असेल तर आपण म्हणायचं. तो कुत्रेवाला येणार नव्हता, म्हणून आम्ही. त्या आम्हीत मी असेन. किंवा नसेन. तिथंच तर गोम आहे. आपण म्हटलं की माणसाला हाताला धरून आत घेतलेलं असतं. आम्ही म्हटलं की दार लागतं, आणि आत किती जण आहेत ते ज्यानं लावलं त्यालाच ठाऊक. सातवीत मला मराठीच्या बाईंनी व्याकरणात पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि वर्गाला सुनावलं होतं, "बघा, अरशदचं मराठी बघा, लाज वाटू द्या जरा." तेव्हा माझी छाती फुगली होती. लाज कुणाला आणि कशाची वाटायला हवी होती, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. घरात आमची हिंदी, बाजारात अहिराणी, पण राग मला मराठीत येतो. हिंदीत मी भांडतो, अहिराणीत थट्टा करतो, आणि आतल्या आत जळायचं असलं की मराठी. त्या रविवारी तलावाला दोन फेऱ्या मारताना मी मराठीत जळत होतो आणि वरून प्रेमराजच्या विनोदांना हसत होतो.

आणि मग त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती आली नसती तर बरं झालं असतं. गेल्या कित्येक दिवसांत त्या दोघांनी माझ्यासमोर आपण हा शब्द उच्चारलाच नव्हता. ते म्हणत होते, जायचंय. पॅरिसला उतरायचंय, तिथून मोठी व्हॅन घ्यायचीय, समुद्राच्या कडेकडेनं जायचंय, तंबू टाकायचाय, शेवभाजीचा मसाला न्यायचाय. कुणी जायचंय? कुणी टाकायचाय? काय सोयीची भाषा आहे! माणूस न घालता वाक्य पूर्ण होतं, ऐकायला अडत नाही, आणि उद्या कुणी जाब विचारला तर कुणाचंच नाव घेतलेलं नसतं. मी मूर्ख. प्रत्येक जायचंयमध्ये मी स्वतःला भरून घेत होतो. रात्री नकाशावर बोट फिरवत होतो, फ्रेंच लोकांना नमस्कार कसा करतात ते फोनवर ऐकत होतो, दुकानात सीट शिवता शिवता बों जूर, बों जूर करत होतो. शेजारचा बॅटरीवाला विचारायचा, पोट बिघडलं का अरशदभाई?

त्यातून ही शर्यत माझी. माझी म्हणजे मी तिला आणलं यांच्यात. वडील, कादर पिंजारी, खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन घरोघर फिरायचे. पुढं फोमच्या गाद्या आल्या, धनुकली भिंतीला टांगली गेली, आणि वडील गाड्यांच्या सीटा भरू लागले. ते म्हणायचे, "एकच अक्षर बदललं बेटा, गादीची गाडी झाली." एकदा धरणगावच्या कुणा डॉक्टरची जुनी विलायती मोटार आली होती. तिची मागची सीट फोडली तर आत काथ्याच्या खाली एका इंग्रजी मासिकाचं पान घडी घालून कोंबलेलं निघालं. फोटो होता. रस्त्याच्या एका कडेला तिरप्या उभ्या मोटारी, दुसऱ्या कडेहून ड्रायव्हर त्यांच्याकडे धावत सुटलेले. शर्यत मोटारींची, पण सुरुवात पायांनी. मला ते इतकं आवडलं की मी ते पान शाळेत नेलं. हितेंद्रनं विचारलं, "पळून जाऊन दुसऱ्याच्याच गाडीत बसला तर?" आम्ही पोट धरधरून हसलो. शाळा सुटली की सायकली तिरप्या लावून रस्त्याच्या पलीकडून धावत यायचो, टांग टाकायचो, नेरी नाक्यापर्यंत शर्यत. मी बहुतेक जिंकायचो, कारण माझी सायकल वडिलांची, उंच, आणि तिच्यावर चढायची मला सवय. पुढं चौघांनी मिळून फियाट घेतली, जुनी, गोल पाठीची, भंगारात निघालेली, आणि माझ्या दुकानामागच्या शेडमध्ये तिला उभी केली. तिच्या सीटा मी भरल्या, छताचं कापड मी लावलं. रविवारी तिघं यायचे, कुणी घासायचं, कुणी नुसतं सल्ले द्यायचं. ती पहिल्यांदा चालू झाली तेव्हा अभिमन रडला होता, वकील असून. तेव्हाच ठरलं होतं की एकदा ती खरी शर्यत बघायला जायचं. आताही ती होते, जुन्याच मोटारींची, लोक शेतांत तंबू ठोकून राहतात, हे मीच फोनवर शोधून सगळ्यांना पाठवलं होतं. ठरलं तेव्हा आपण म्हटलं गेलं होतं. मला शब्द न् शब्द आठवतो. "आपण जाऊ रे एकदा," हितेंद्र म्हणाला होता, हाताला काळं ग्रीस, डोळ्यांत पाणी.

तलावावरच्या त्या रविवारनंतर हितेंद्र दुकानात आला. काखेत खाकी कॅनव्हासचा तागा. "अरशद, तंबूला पुढं लावायला एक टप शिवून दे. तिथं पाऊस कधीही येतो म्हणे. खाली खुर्च्या टाकून बसता आलं पाहिजे." मी मापाची पट्टी हातात घेतली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "किती जणांना बसायचंय?" तो म्हणाला, "बसतील रे. असतील ते." मग कॅनव्हासवरून हात फिरवत म्हणाला, "मी प्रेमराजला बोललोच होतो, बाजारातलं कशाला, आपला अरशद देईल शिवून." आपला अरशद! मला खाडकन त्याची आई आठवली. दिवाळीआधी वडील त्यांच्याकडे गाद्या पिंजायला जायचे, मी बरोबर. अंगणात पोचलो की ती माउली घरात हाक द्यायची, "अगं, आपला पिंजारी आला, गाद्या काढा बाहेर." मला तेव्हा फार बरं वाटायचं. आपला पिंजारी, आपला न्हावी, आपला दूधवाला, आपली म्हैस. तिचा जीव होता आमच्यावर, खोटं नाही बोलणार, मला लाडू द्यायची आणि वडिलांना वेगळ्या कपात का होईना पण दोनदा चहा. आपला म्हणजे आपल्यातला असं मी धरून चाललो होतो. आपला म्हणजे आपल्या उपयोगाचा, हे कळायला केस पांढरे व्हावे लागले. आपला मी पहिल्यापासून होतोच, प्रश्न आपणचा होता. मी टप शिवायला घेतला. का घेतला? नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण काय, तर एक सर्वनाम. लोक हसले असते. मी दुहेरी शिवण घातली, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे लावले, आणि प्रत्येक टाक्याला स्वतःलाच शिव्या घातल्या.

सलीमाला, माझ्या बायकोला, मी घरी सांगून बसलो होतो की अपन फ्रान्स जा रहे. ती म्हणाली होती, "अपन मतलब? मैं तो नहीं जा रही." तेव्हा तो विनोद होता. टप शिवत असताना तिनं डबा आणून ठेवला, कॅनव्हासकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्हारा पासपोर्ट लेके गए क्या वो लोग?" नव्हता नेला. त्या तिघांचे पासपोर्ट नवे कोरे, करकरीत. चौघांत देशाबाहेर जाऊन आलेला मी एकटा, अम्मीअब्बांना घेऊन मक्केला, उमराहला. सलीमानं पुढं काही बोलायला हवं होतं, म्हणजे मला तिच्याशी भांडता आलं असतं. ती नुसती डबा उघडून बसली, आणि मेथीची भाजी गार होत राहिली.

मग धुळ्याला तंबूची तालीम ठरली. अभिमनचं शेत साक्री रोडला आहे, तिथं तंबू उभारून बघायचा, टप जोडून बघायचा आणि भरीत करायचं. थंडी होती, हिरवी वांगी आली होती. फियाट काढली, मी चालवायला, कारण नेहमी मीच चालवतो. हितेंद्र शेजारी, प्रेमराज मागं वांग्यांच्या पिशवीजवळ. जळगाव ते धुळे मी कान टवकारून गाडी चालवली. मुद्दाम विषय काढले. म्हटलं, तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालवतात, सवय करावी लागेल. हितेंद्र म्हणाला, "हो, करावी लागेल." म्हटलं, विमानतळावरून व्हॅन घेतल्यावर पहिल्यांदा कोण चालवेल? प्रेमराज मागून म्हणाला, "बघता येईल." एरंडोल गेलं, पारोळा गेलं. काय कसरत चालली होती दोघांची! चांगली शिकली-सवरली, घरादाराची माणसं, आणि एका माणसासमोर कर्ता टाळून टाळून बोलताना घामाघूम झालेली. मला एकदा वाटलं गाडी बाजूला घ्यावी आणि सरळ विचारावं. पण विचारलं की उत्तर येतं. मला उत्तर नको होतं, मला तो शब्द हवा होता, न मागता आलेला.

शेतात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता. अभिमन उघड्या अंगानं वांगी फिरवत होता, धुरानं डोळे लाल. त्यानं मला बघून मिठी मारली, ती खरी होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मला राग येतो तो या मिठीचाच. वाईट माणसांवर रागवायला काय लागतं? प्रेमराजनं तंबू उभारला, मी टप जोडला, दोऱ्या ताणल्या. कापूस वेचून झालेल्या त्या काळ्या रानात तो खाकी टप असा काही झकास उभा राहिला की क्षणभर मी सगळं विसरलो. मला खाली गवत दिसलं, लांबून मोटारींचा आवाज आला, चार खुर्च्या दिसल्या. "क्या बात है," प्रेमराज ओरडला, "आपला अरशद म्हणजे अरशद!" मी आतली शिवण बघायला वाकून तंबूत शिरलो. आत झोपायच्या पिशव्या पसरून ठेवल्या होत्या, खांद्याला खांदा लावून, इकडच्या कनातीपासून तिकडच्या कनातीपर्यंत. तीन होत्या. चौथी ठेवायला जागाच नव्हती. माझा धंदाच गाद्यांचा, मला मोजायला वेळ लागत नाही.

बाहेर येऊन मी विचारलं, "मी कुठं झोपायचं?"

जाळात वांगं फुटलं, त्याचं पाणी चरचरलं. हितेंद्रनं प्रेमराजकडे पाहिलं, प्रेमराजनं अभिमनकडे. मग हितेंद्र म्हणाला, "बस जरा. तुला सांगणारच होतो. हे बघ, व्हिसाचं फार कडक झालंय आता. सगळ्यांचे अर्ज एकत्र जाणार. त्यात तुझं नाव, वर पासपोर्टवर सौदीचा शिक्का. उगीच चौकशी लागली, तर सगळ्यांचंच अडकेल. आणि तुला तिथं विमानतळावर बाजूला काढून बसवलं, कपडे काढून तपासलं, तर आम्हाला बघवेल का? तुझा अपमान होऊ नये म्हणून केलं रे."

"व्हिसाचा एजंट म्हणाला असं?"

"कोण?"

"एजंट. तो म्हणाला, की हे नाव नको?"

हितेंद्र पायानं ढेकूळ फोडत राहिला. उत्तर अभिमननं दिलं. तो वकील असून खोटं बोलायला कच्चा आहे. "त्याला विचारलं नाही रे. विचारायचं काय त्यात, समजतंच ना."

समजतंच ना! विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं कुठल्या तरी कचेरीत, काचेमागं बसलेल्या कुणी माझं नाव वाचून तोंड वाकडं केलं असेल. त्या माणसावर मी रागावलो असतो, तो माझ्या ओळखीचा नव्हता. इथं काचेमागं कुणीच नव्हतं. हे तिघंच होते, ज्यांच्याबरोबर मी सायकलची शर्यत लावली, ज्यांनी माझ्या वडिलांच्या मयतीला खांदा दिला. त्यांनीच माझ्या वतीनं माझा अर्ज केला, त्यांनीच तो वाचला, त्यांनीच नाकारला, आणि माझं मन दुखू नये म्हणून मला कळवलं नाही. आणि कळवलं नाही ते नाही, वर टप शिवून घेतला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मला नाही म्हणायचा हक्क त्या फ्रान्सवाल्यांचा होता. तुम्ही कोण?"

"ओरडू नको," प्रेमराज म्हणाला. "शांतपणे विचार कर. आम्ही तुझ्या जागी असतो तर—"

"तुम्ही माझ्या जागी नव्हता. तुम्ही माझी जागाच ठेवली नाही. आत जाऊन बघ."

अभिमन जाळावरून उठून आला. त्यानं राखेच्या हातांनी माझे दोन्ही दंड धरले, डोळे भरून आलेले, धुरानं की कशानं कुणास ठाऊक, आणि एकदम अहिराणीवर आला. "आरे भो, असा राग नको ना धरू. आम्ही काय परका शेतस का? तू ते आपलाच शे!"

तो हे बोलला नसता तर मी कदाचित भरीत खाऊन, तोंड पाडून, त्यांना घेऊन परत आलो असतो. मी स्वतःला ओळखतो, मी मूग गिळणारा माणूस आहे. पण आपलाच शे म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी त्याचे हात झटकले आणि टपाच्या दोऱ्या सोडायला लागलो. एक गाठ, दुसरी गाठ. तिसरी सुटेना, माझीच गाठ, पक्की. वांगी चिरायची सुरी पडली होती, ती घेऊन दोरी कापली. हितेंद्र ओरडला, "अरे, हे काय पोरखेळ करतोस? कॅनव्हास माझा आहे!" मी म्हटलं, "शिवण माझी आहे. शिवण काढून कॅनव्हास पाठवून देतो." तंबू एका बाजूला कलंडला आणि हळूहळू त्या तीन पिशव्यांवर बसला. मी टपाचं बोचकं छातीशी धरून फियाटकडे निघालो. निघालो म्हणजे धावलो. रान तुडवत, तोल सांभाळत, या वयात, आणि धावता धावता मला ते मासिकाचं पान आठवलं आणि स्वतःचं हसूही आलं. मागून कुणी धावत आलं नाही. मी बोचकं मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी काढली.

पारोळ्यापर्यंत मी मोठमोठ्यानं बोलत होतो. जे जे तिथं बोलायला हवं होतं ते सगळं आता सुचत होतं, एकेक वाक्य धारदार, कर्ता कर्म क्रियापद सगळं जागच्या जागी, बाईंनी पुन्हा पैकीच्या पैकी दिले असते. हितेंद्रला म्हटलं, तुला माझा अपमान बघवला नसता म्हणून तूच करून टाकलास होय? प्रेमराजला म्हटलं, तुझ्या कॉलेजात हेच शिकवतोस का? अभिमनला काही म्हणता येईना. त्याच्याशी बोलायला गेलो की दंडावर त्याच्या हातांची राख दिसायची, आणि त्याचा मला अजून राग यायचा. काच खाली होती, थंड वारं तोंडावर येत होतं, गाडीत वांग्यांचा आणि नव्या कॅनव्हासचा वास भरला होता. समोरून ट्रकवाले जुनी फियाट बघून हॉर्न वाजवत होते, हात करत होते. एरवी मी हात करतो. चौघं असलो की चौघं करतो.

एरंडोलजवळ गाडी तापली. ती नेहमीच तापते. रस्त्याकडेच्या हॉटेलापाशी उभी केली, बॉनेट उघडलं, पाणी मागितलं. हॉटेलवाल्या म्हाताऱ्यानं बादली दिली, गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत डोकावला. "कथाईन उनात भाऊ?" त्यानं विचारलं.

"धुळ्याहून. आम्ही जळगावचे," मी म्हटलं, आणि बादली हातात तशीच धरून उभा राहिलो. तोंडात बसलेलं होतं ते. माणूस एकटा असला तरी गावाचं नाव सांगताना असंच म्हणतो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. चौघांच्या ग्रुपवर हितेंद्रचा निरोप होता. मी ओल्या बोटांनी उघडला. मला वाटलं माफी असेल. खरं सांगतो, असावी असं वाटलं, आणि असती तर मी गाडी वळवली असती, त्या क्षणीसुद्धा वळवली असती. त्यानं लिहिलं होतं, "कुठे पोचलास? झालं ते झालं, मागे फिर. आता आपण जळगावला कसं जायचं?"

आपण. आला एकदाचा. तलावावरच्या त्या सकाळपासून ज्याची मी वाट बघत होतो तो शब्द आला, न मागता आला, गाडी हवी होती म्हणून आला. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. रेडिएटरमधून वाफ निघत होती, म्हातारा म्हणत होता भाऊ, जरा दूर व्हा, भाजाल. मी बादली खाली ठेवली, हात सदऱ्याला पुसला आणि उत्तर लिहिलं. "तुम्ही एसटीनं या. आम्ही एरंडोलला पोचलो."

पाठवलं, फोन खिशात टाकला, आणि गाडी थंड होईपर्यंत आत जाऊन बसलो. गाडीत मी एकटाच होतो.